ग्रॉस म्हणजे एकूण

इंग्रजीतला एक शब्द मला माझ्या स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकू येतो. ग्रॉस. कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात, भालकीच्या अलीकडं रस्त्याला लागून एक वजनकाटा आहे, तिथल्या काचेच्या खोलीत मी अठरा वर्षं बसतोय. सोयाबीनची ट्रॉली येते, तुरीचा ट्रक येतो, उसाच्या गाड्या येतात. भरलेली गाडी काट्यावर चढली की जो आकडा येतो, तो ग्रॉस. माल उतरवून तीच गाडी रिकामी परत येते, तिचं वजन टेअर. ग्रॉसमधून टेअर वजा केलं की राहिलं ते नेट, म्हणजे खरा माल. आमच्याकडं अंगठा लावणाऱ्या माणसालाही हे तिन्ही शब्द तोंडपाठ आहेत. "ग्रॉस काय पडलं हो?" असं शेतकरी ट्रॉलीवरूनच ओरडून विचारतो. तेव्हा ग्रॉस म्हणजे काय हे कुणी मला शिकवायला येऊ नये, अशा तोऱ्यात मी होतो. त्या तोऱ्यापायी मी माझ्या बहिणीचं काय करून ठेवलं, ते सांगतो.

बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणतो आणि ती मला तम्मा म्हणते. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दोन्ही आणि वर थोडी दखनी, असं आमचं सगळं बोलणं. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि अक्का बसवकल्याणला सासरी होती. तिला निरोप दुसऱ्या दिवशी पोचला. ती आली तोवर सगळं आटोपलं होतं. मग तिनं मला आपल्याबरोबर सासरी नेलं, वाढवलं, उदगीरला पाठवून बी.ए. केलं. पुढं तिचा नवरा वारला आणि ती बीदरला, मैलूर भागात, एका खाजगी नर्सिंग शाळेच्या हॉस्टेलात वॉर्डन म्हणून लागली. त्याला चौदा वर्षं झाली. गेटाला लागून तिची खोली, कमरेला चाव्यांचा जुडगा आणि तिला अक्का म्हणणाऱ्या ऐंशी पोरी. ह्याच्यापलीकडं तिचं असं काही नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती, सोयाबीनची गर्दी ओसरत आली होती. एका सकाळी अक्का न सांगता काट्यावर आली. मी काच सरकवून विचारलं, "काय गं, इकडं कुटं?"

"कामून, येऊ न्हाई व्हय?"

आत येऊन ती स्टुलावर बसली, पिशवीतून एक पाकीट काढलं आणि माझ्या पुढं धरलं. "वाच. इंग्रजीत हाय."

"कवा आलंय?"

"चार रोज झाले."

"चार रोज! आन् आता दाखवायलीस?"

"मला वाटलं, पोरीचा फोन येईल आदुगर," ती म्हणाली. "ती वेळंवर पोचली का न्हाई, तेवढं तरी कळंल."

कुठली पोरगी, कुठं पोचायची, मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. दहा-बारा दिवसांमागं संध्याकाळी सव्वासहाला हॉस्टेलच्या फोनवर फोन आला. औरादच्या पलीकडं, हद्दीवरच्या एका गावातून. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची आई छातीत दुखून पडली आहे, गावातल्या डॉक्टरनं हात टेकलेत, पोरीला लगेच लावून द्या. नियम असा की सहानंतर प्रिन्सिपल मॅडमच्या सहीशिवाय कुणी गेटाबाहेर पडायचं नाही. मॅडम हैदराबादला लग्नाला गेलेल्या, त्यांचा फोन बंद. अक्कानं सात वेळा लावला. औरादकडची शेवटची बस पावणेसातला. वॉचमन चहाला गेलेला. अक्कानं गेट उघडलं, मुलीला रिक्षात घातलं, स्वतः बसस्टँडपर्यंत गेली, कंडक्टरला सांगून तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि परत आली. तेवढा अर्धा तास गेटावर कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका मुलीकडून एवढंच कळलं की आई गेली. मुलगी पोचली तेव्हा आई होती की नव्हती, ते कुणालाच माहीत नव्हतं. बापाचा फोन लागत नव्हता आणि ज्यावरून निरोप आला तो नंबरही बंद.

"ते जाऊ दे, आता तुझ्या पत्राचं बघू," मी म्हणालो. मला पत्राची घाई होती. वरवर नजर टाकली तर दिसलं, सात दिवसांत लेखी उत्तर द्या, त्यानंतर चौकशी. त्यातले चार दिवस अक्कानं पिशवीत घालवलेले.

मी पत्र वाचलं. वाचलं म्हणजे कसं, तर न येणारा प्रत्येक शब्द मोबाईलवर बघत. 'व्हेअरॅज' बघितला. 'हिअरबाय' बघितला. 'डिरेलिक्शन' म्हणजे कर्तव्यात कसूर, तोही सापडला. आणि मधे जाड अक्षरात दोन शब्द होते: ग्रॉस मिसकंडक्ट. त्यातला मिसकंडक्ट मी बघितला, गैरवर्तन. ग्रॉस बघितला नाही. अठरा वर्षं रोज दोनशे वेळा जो शब्द छापतो, तो काय बघायचा! मला हसूच आलं.

"अक्का, घाबरू नगंस," मी म्हणालो. "ग्रॉस म्हणायलेत. म्हणजे एकूण. गाडीसकट धरलंय त्यांनी सगळं. तुझ्या पगाराच्या चिठ्ठीवर बी असतंय की, ग्रॉस आन् नेट."

"मग?"

"मग काय! आपण म्हणायचं, ग्रॉस मान्य हाय. आता टेअर वजा करा. मॅडमचा फोन बंद होता, ते वजा. वॉचमन जाग्यावर न्हवता, ते वजा. पोरीची आई आजारी होती, ते वजा. नेट काय राहिलं? एक सही. एका सहीसाठी कोण काढतंय तुला?"

अक्कानं कागद माझ्या हातातून घेतला. तिला इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं येतं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आपण कबूल करायलोत व्हय रे, तम्मा?"

"आगं, ग्रॉस कबूल करायलोत, नेट न्हवं! तू गप बस. तुला कळायचं न्हाई."

हे असं बोललो मी. जिनं मला शिकवलं तिला. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दुपारी बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात जाऊन मी ते उत्तर टाईप करून घेतलं. टायपिंगवाल्यानं मधेच हात थांबवून विचारलं, "नेट मिसकंडक्ट असं असतंय व्हय, साहेब?" मी त्याच्यावर खेकसलो, की तू टाईप कर, वकिली करू नगंस. त्यानं खांदे उडवले आणि पुढं चालू केलं. अक्कानं खाली कानडीत सही केली. ती सही करताना नेहमी पुटपुटते, तशी पुटपुटली आणि संध्याकाळच्या बसनं बीदरला परत गेली.

चौकशीची तारीख पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची, सकाळी अकराची निघाली. मी निर्धास्त होतो. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, की बहिणीला इंग्रजीत असं चोख उत्तर लिहून दिलंय की त्यांची तोंडं बंद.

बुधवारी दुपारी एक ओळखीचा शेतकरी ट्रॉली घेऊन आला. पुढं पाच-सहा गाड्यांची रांग होती. त्याची मुलगी कडगंचीच्या विद्यापीठात एम.ए. शिकते, सुट्टीला आलेली, ती ऊन लागतंय म्हणून माझ्या खोलीत येऊन बसली. तिलाही मी माझी शेखी ऐकवली. ग्रॉस कबूल, टेअर वजा, नेट एक सही. ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"मामा, पत्रात शब्द काय होता? ग्रॉस मिसकंडक्टच?"

"व्हय."

"मग ते एकूण न्हाई हो."

"न्हाई म्हणजे? मला शिकवायलीस व्हय? अठरा वर्षं काय झक मारायलोय हितं?"

बिचारी दचकली, पण हटली नाही. मोबाईल काढून काहीतरी टाईप केलं आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली. मी चष्मा वर-खाली करत वाचलं. शब्द तोच. एक अर्थ, एकूण, वजावट न करता. त्याच्याखाली दुसरा अर्थ, वाईट वागण्याबद्दल वापरतात तो: उघडउघड, धक्का बसेल असा, माफ करता न येणारा.

"नोकरीच्या कागदात हाच अर्थ असतो, मामा," ती म्हणाली. "ग्रॉस मिसकंडक्ट शाबित झालं तर सरळ काढून टाकतात. नोटीस न्हाई, काही न्हाई." मग खाली बघत म्हणाली, "आमच्यात तर पोरी 'शी, घाण' म्हणायचं असलं तरी ग्रॉस म्हणतात."

माझ्या बहिणीच्या सहीनं मी लिहून दिलं होतं, 'माझं वागणं माफ करण्यासारखं नाही, हे मला मान्य आहे.' बाहेर हॉर्न वाजायला लागले. मी पुढच्या ट्रकचं वजन घेतलं आणि पावतीवर नंबर दुसऱ्याच गाडीचा टाकला. ड्रायव्हर पावती घेऊन परत आला आणि काचेवर टकटक करत ओरडला, "अण्णा, होशमें हो क्या?" मी ती पावती फाडली, दुसरी काढली, तीही चुकली.

संध्याकाळी अक्काला फोन लावला. तिचा आवाज आला आणि सांगायचं ते सोडून म्हणालो, "उद्या मी येतो."

"कामून? ड्युटी न्हाई व्हय तुला?"

"आसंच."

"पोरीचा काय बी पत्ता न्हाई रे अजून," ती म्हणाली. मी फोन ठेवला.

गुरुवारी पहिल्या बसनं निघालो. तासाभराचा रस्ता, पण संपता संपेना. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. ग्रॉस लागलं तर हिची नोकरी जाईल, नोकरीबरोबर खोली जाईल, आणि चौदा वर्षांच्या दाखल्यावर तो शब्द बसेल. बावन्न वर्षांच्या बाईला असला दाखला बघून कोण दारात उभं करील? बरं, भावाकडं ये म्हणावं, तर ती येणारी नाही. जावयाच्या घरी राहणं बापाला जितकं नको वाटतं, तितकंच तिला भावाच्या घरी राहणं नको वाटतं. मी दोनदा म्हणून बघितलं होतं.

ती हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. मी तिच्याजवळ बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. "अक्का, त्या शब्दाचा अर्थ येगळा हाय. लई घाणेरडा. माफी नसलेला गुन्हा. आन् आपण ते कबूल करून बसलोत."

"मी विचारले होते की तुला," ती म्हणाली.

"व्हय."

"तू मला गप बस म्हणलास."

"व्हय गं, अक्का."

वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती चाव्यांचा जुडगा हातात घेऊन एकेक चावी पुढं सरकवत बसली. रात्रभर डोकं शिणवून मी जे ठरवलं होतं ते मग सांगितलं. तू आत एवढंच म्हण, मला इंग्रजी येत न्हाई, भावानं काय लिवलं मला ठाऊक न्हाई. सगळं माझ्यावर ढकल. खरंच हाय ते.

"चल," ती म्हणाली. "अकरा वाजले."

ऑफिसात टेबलाच्या पलीकडं तिघं होते. मधे अध्यक्ष, संस्थेचे वयस्कर सभासद, पांढरं धोतर, कपाळाला भस्म. त्यांच्या उजव्या हाताला प्रिन्सिपल मॅडम. एक कारकून लिहून घ्यायला. बोलणं कानडीत झालं, मी मराठीत सांगतोय. मला आत येऊ देत नव्हते, पण बाईला इंग्रजी येत नाही, उत्तर मी लिहिलंय, असं म्हटल्यावर अध्यक्षांनी भिंतीजवळची खुर्ची दाखवली.

मॅडमनी आमचं उत्तर वर धरलं. "ह्यात चौकशी करण्यासारखं काही राहिलंच नाही, सर. त्यांनी स्वतःच लेखी मान्य केलंय. ग्रॉस मिसकंडक्ट."

मॅडम काही वाईट बाई नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. पुढं त्या म्हणाल्या ते खोटं नव्हतं. "ऐंशी मुली आहेत माझ्याकडं. उद्या कुणी खोटा फोन करून एखादीला बाहेर काढली, तर तिच्या आईबापाला मी काय तोंड दाखवू?"

"व्हय, मॅडम," अक्का म्हणाली. "म्हणून मी तो नंबर परत लावला. पोरीच्या कानाला दिला. तिनं चुलतीचा आवाज ओळखला, मगच गेट उघडले."

कारकुनानं ते लिहून घेतलं. अध्यक्षांनी उत्तराचा कागद आपल्याकडं ओढला, वाचला, भुवया चढवल्या. "हे नेट मिसकंडक्ट काय प्रकार आहे?"

आता माझ्याच्यानं राहवेना. मी उठलो, खिशातून काट्याची पावती काढली आणि त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली. कालचीच, चुकीच्या नंबराची, फाटलेली. "साहेब, मी काट्यावर बसतो. आमच्याकडं ग्रॉस म्हणजे हे. गाडीसकट वजन. मला दुसरा अर्थ ठाऊकच न्हवता. चूक माझी, साहेब. अडाणीपणा माझा. तिनं विचारलं होतं, मीच तिला गप बसवलं."

मॅडमनी तोंड फिरवलं. अध्यक्षांनी पावती उचलली, डोळ्यांजवळ नेली. "आमची तूर दरसाल कलबुर्गीला जाते," ते म्हणाले. "मलाही हा शब्द आधी काट्यावरच कळला." मग ते थोडंसं हसले. त्यांनी पेन काढलं. संस्थेनं अक्काला पाठवलेल्या पत्रातल्या ग्रॉस ह्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, त्यांनी हातानं थांबवलं.

"अक्का," ते म्हणाले, कारण सगळेच तिला अक्का म्हणतात, "हे उत्तर परत घ्या. दुसरं द्या, आत्ता, इथंच. कानडीत चालेल. दोन ओळी. घाईत चूक झाली, पुन्हा असं होणार नाही. मग आपण ताकीद देऊन हे मिटवू."

मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले. कारकुनानं कोरा कागद अक्कापुढं सरकवला. तिनं पेन हातात घेतलं आणि माझ्याकडं वळली.

"तम्मा, आदुगर ते जुनं वाचून दाखव. मराठीत. काय लिवलास ते मला सगळं कळू दे."

"आता कशाला? ते रद्द झालं की."

"वाच."

मी वाचलं. ग्रॉस मान्य आहे. त्यातून पुढील गोष्टी वजा कराव्यात. एक, मॅडमचा फोन बंद होता. दोन, वॉचमन जागेवर नव्हता. तीन, मुलीची आई आजारी होती.

"थांब," ती म्हणाली. "पोरीची आई कशात धरलास?"

"टेअरमधी."

"टेअर म्हणजे काय?"

"रिकामी गाडी," मी म्हणालो.

अक्कानं पेन टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही तिनं. "साहेब, फोनचं वजा करा, वॉचमनचं वजा करा, न्हाईतर करू नका. पोरीची आई वजा करू नका. तिच्यासाठीच गेट उघडलंय मी. चूक झाली असं मी कसं लिवू? माझी आई गेली तवा मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. उद्या परत असाच फोन आला तर मी गेट उघडणार. पुन्हा होणार न्हाई म्हणून लिवून देते, तर ते खोटं होतंय."

मी मनात म्हणत होतो, लिही गं बाई, खोटं तर खोटं, दोन ओळी लिही. अध्यक्ष तिला परत एकदा म्हणाले, विचार करा. तिनं मान हलवली. कोरा कागद कोराच राहिला.

पाचव्या दिवशी हुकूम आला. तो मी मोबाईलवर प्रत्येक शब्द बघत वाचला, येणारे शब्दसुद्धा. ग्रॉस कुठंही नव्हता. नुसतं मिसकंडक्ट होतं. वॉर्डनचं काम आजपासून संपलं, खोली पंधरा दिवसांत रिकामी करावी, सेवेचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर वागणूक चांगली असं लिहिलं होतं. अध्यक्षांना जेवढं करता आलं तेवढं त्यांनी केलं असावं. बसवकल्याणला अक्काची नणंद असते, तिच्या घराची मागची खोली मोकळी होती. अक्का तिकडं जायला तयार झाली.

पंधराव्या दिवशी मी एक टेम्पो ठरवून तिचं सामान आणायला गेलो. सामान ते काय, एक ट्रंक, एक गादी, देवाची पेटी, दोन पातेली. गेटावर आता एजन्सीचा गार्ड होता, निळा शर्ट, शिट्टी, रजिस्टर. पोरी वर्गात होत्या. टेम्पोवाला यायला वेळ होता, म्हणून आम्ही ट्रंक गेटाबाहेर आणून ठेवली. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि एक मुलगी उतरली. हातात बॅग, साधा पंजाबी ड्रेस, ओठ वाळलेले. मी तिला ओळखत नव्हतो. अक्काचा चेहरा बघितला आणि ओळखलं.

मुलगी सरळ गेटात जायला लागली. गार्डनं दांडा आडवा केला. "पास?"

"मी इथलीच हाय. गावाकडून आलेय."

"एवढे दिवस बाहेर होतीस. प्रिन्सिपलची सही पाहिजे आत यायला."

"घे रे आत तिला," अक्का म्हणाली. "माझी पोरगी हाय ती. दुसऱ्या वर्षाची. मी सांगायलेय की."

गार्ड खरं तर अवघडला. पण रजिस्टर छातीशी धरून म्हणाला, "अक्का, तुमचं आता चालत न्हाई."

मला वाटलं त्याची गचांडी धरावी. मी पुढं झालोही. अक्कानं माझा दंड धरला. मॅडम कुठं आहेत, तिनं विचारलं. दवाखान्यात राऊंडला, चारला येतील. तेव्हा अडीच वाजले होते. अक्कानं ट्रंकेवरची धूळ पदरानं पुसली, स्वतः बसली आणि शेजारी जागा करून मुलीला बसवलं. टेम्पो आला, मी त्याला थांबायला सांगितलं. तो कुरकुरला.

इतक्या दिवसांत अक्का जे मला आणि दुसऱ्या पोरींना विचारत होती, ज्यासाठी मुलीच्या बापाला फोन लावत होती, ते आता पोरगी शेजारी असताना तिला विचारवत नव्हतं. शेवटी तिनं मुलीच्या मांडीवर हात ठेवला.

"पोचलीस का गं वेळंवर?"

मुलीनं मान डोलावली.

"बोलली का आई?"

"व्हय," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलायली होती. जेवलीस का म्हणून विचारली."

अक्कानं पदर तोंडावर घेतला आणि तिथं रस्त्यावर, ट्रंकेवर बसून, ती मोठ्यानं रडली. आईच्या वेळी ती रडलेली मला आठवत नाही. गार्डनं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. मॅडमची गाडी सव्वाचारला आली, तोवर आम्ही तिघं तिथंच बसून होतो.